पिशवीनं मारलेली मोटार : उदगीरच्या एका जुन्या व्हॅक्यूम क्लीनरचं प्रकरण

उदगीरहून आलेल्या या मशीनची तक्रार एका वाक्यात होती: "मोटार जळालीय, भरून द्या." आणणारे सर निवृत्त शिक्षक. लातूरला माझ्या दुकानात येण्याआधी त्यांनी ते दुसऱ्या एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथं मशीन न उघडता, नुसता वास घेऊन, आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) आणि फील्ड (त्याभोवतीचा स्थिर भाग) दोन्ही भरावे, म्हणजे त्यांची तार नव्यानं गुंडाळावी लागेल असं सांगितलं गेलं आणि अडीच हजारांचा अंदाज दिला गेला. सर पैशाला तयार होते. फक्त "आजीची वस्तू आहे, जरा जपून," एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मोटार जळालेली नव्हती. तारेचा एक वेढाही खराब नव्हता. हे प्रकरण सविस्तर मांडतोय ते यासाठीच. जुन्या घरांत माळ्यावर, कोठीत, पलंगाखाली अशी यंत्रं पडून आहेत आणि "मोटार गेली" या दोन शब्दांवर ती किलोच्या भावानं भंगारात जातात. मोटार का बंद पडली हे विचारलं, तर त्यातली बरीच वाचतील.

मशीन आणि त्याचं घर

मशीन म्हणजे पत्र्याचं आडवं नळकांडं, अर्ध्या मीटरहून थोडं लांब, खाली क्रोमच्या दोन घसरपट्ट्या. चाकं नाहीत, फरशीवरून ओढत न्यायचं. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं १९२१ साली 'मॉडेल व्ही' काढलं तेव्हा हा घाट रूढ झाला आणि पुढं अनेकांनी तो उचलला. त्याआधीची गोष्ट फार वेगळी होती. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी काढलेलं यंत्र एवढं मोठं होतं की ते घोडागाडीवर लादून आणत, रस्त्यात उभं करत आणि लांबलचक पाइप खिडक्यांतून घरात सोडत. वीस वर्षांत ते यंत्र बाईमाणसाला एका हातानं ओढता येईल एवढं झालं, ही मला आजही मोठी गोष्ट वाटते.

आपल्या मशीनवरची कंपनीच्या नावाची पट्टी घासून सपाट झाली होती. दुसरी छोटी पट्टी शाबूत होती: २२० व्होल्ट, एसी/डीसी. म्हणजे काही गावांत अजून डीसी वीज होती त्या काळातलं हे मशीन. त्याहून पक्का पुरावा झाकणाच्या कडेला होता. भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून घेतलेलं आजीचं नाव, गाव आणि "सन १९५८". घागर, परात, तांब्या यांच्याबरोबरच हे मशीनही त्याच्यापुढं ठेवलं असणार. घरातली किमती वस्तू म्हणजे तिच्यावर नाव हवंच.

सरांचे आजोबा हैदराबाद सरकारच्या नोकरीत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं पुन्हा आखली गेली, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि आजोबा औरंगाबादला आले. पुढं हैदराबादला जाणं झालं तेव्हा एका मोठ्या घरच्या सामानाच्या लिलावात हे मशीन घेतलं, असं घरात सांगतात. म्हणजे नाव १९५८ चं असलं तरी मशीन त्याहून जुनं आहे. औरंगाबादला ते वरंगळच्या गालिच्यावर आणि गाद्यांवर चाललं. आजोबा निवृत्त होऊन उदगीरच्या वाड्यात राहायला आले आणि मशीनही तिकडं गेलं. या प्रकरणाचं मूळ तिथंच आहे, कारण तो वाडा माळवदाचा होता.

माळवदाच्या घरात राहिलेल्याला सांगायला नको. लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहतं. पण फळ्यांच्या फटींतून ती माती वर्षभर झिरपत राहते, अंथरुणावर, ताटावर, फडताळावर. पिठाहून बारीक. बोटांत चोळली तर जाणवते न जाणवते, पण लोखंड घासायला पुरेशी. आजीनं ते मशीन रोज त्या मातीवर चालवलं.

उघडण्याआधी

जुनं मशीन आलं की पहिलं काम म्हणजे पिन न लावणं. "एकदा लावून तर बघू" या हौसेनं जेवढं नुकसान होतं तेवढं पन्नास वर्षं पडून राहिल्यानं होत नाही. रबर कुजलेलं असतं, ग्रीसचा दगड झालेला असतो, आतल्या धुळीनं ओल धरलेली असते. सगळं झटक्यात २३० व्होल्टवर आलं की जे वाचलं असतं तेही जातं.

दुसरं काम धुळीचं. ते मी दुकानाच्या आत करत नाही. मागच्या मोकळ्या जागेत, तोंडाला चांगला मास्क लावून, पाण्याचा हलका फवारा मारत पिशवी बाहेर काढली. कारण साधं आहे. त्या काळी ढेकूण, मुंग्या, डासांसाठी घरात गॅमेक्सिनची पावडर सर्रास टाकत. त्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर आपल्याकडं १९९७ साली बंदी आली, पण जुन्या पिशवीतल्या धुळीला ते माहीत नसतं. ओली करून, पिशवीत बांधून ती धूळ टाकून दिली.

त्याआधी सरांनी तिच्यातून काही गोष्टी वेचून घेतल्या: बांगडीचे तुकडे, मंगळसूत्राचे दोन काळे मणी, कुंकवात रंगवलेले अक्षतांचे तांदूळ. घरात लग्न झालं होतं त्या जाजमावरचे असावेत. बाकी सगळी पांढरी माती आणि गादीतला कापूस.

पिशवी हातात घेतल्यावरच मला संशय आला. ती मूळची नव्हती. जुन्या सुती लुगड्याची, दुहेरी शिवण घातलेली, फार प्रेमानं शिवलेली पिशवी होती ती. उजेडासमोर धरली की पलीकडची खिडकी स्पष्ट दिसत होती.

आत काय सापडलं

हे कळायला या जातीच्या मशीनमधून हवा कशी जाते ते बघावं लागतं. हवा पुढच्या तोंडातून शिरते, पिशवीतून गाळली जाते, मग पंख्यातून आणि थेट मोटारीच्या अंगावरून मागं बाहेर पडते. मोटारीला थंड ठेवणारी हवा तीच. म्हणजे पिशवीनं जे अडवलं नाही ते सगळं मोटारीत जातं. आणि पिशवी ठासून भरली तर मोटारीला वाराच मिळत नाही, ती तापते. या मशीनमध्ये पिशवी ही केर साठवायची जागा म्हणून नंतर, मोटारीची राखण म्हणून आधी.

लुगड्याचं कापड माळवदाची माती अडवू शकत नव्हतं. मोटार उघडली तेव्हा फील्डच्या वेढ्यांवर पांढरा राप बसलेला, बेअरिंगात ग्रीस आणि माती मिळून झालेला राखाडी लगदा. हलवलं की बेअरिंग खरखरत होतं. कार्बन म्हणजे फिरत्या आर्मेचरला टेकून वीज पोचवणारा काळा ठोकळा. त्याच्या खाचांमध्येही तीच माती, म्हणून तो पुढं सरकत नव्हता.

आणि तो कार्बन! टॉर्चच्या जुन्या सेलमध्ये मधोमध जी काळी कांडी असते ती घासून चौकोनी करून बसवली होती. कुणी केलं, कधी केलं, घरात कुणाला आठवत नाही. गावात कार्बन मिळत नसेल, मशीन चालू राहायला हवं असेल, म्हणून केलं असणार. त्या हाताला मी नावं ठेवणार नाही. पण सेलची कांडी त्या कामाची नाही. ती कम्युटेटरवर, म्हणजे आर्मेचरच्या टोकाला असलेल्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर, नीट बसत नाही, ठिणग्या पडतात आणि तांबं खाल्लं जातं. कम्युटेटरवर दोन खोल चर पडले होते, काजळी माखलेली होती. जळका वास त्या काजळीचा. शेवटी कांडी इतकी झिजली की कम्युटेटरला टेकेनाच, आणि मशीन गप झालं. पहिल्या दुकानात जी "जळालेली मोटार" ठरली ती ही.

आणखी दोन जुन्या दुरुस्त्या सापडल्या. बॅकेलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचं बटण फुटलं म्हणून ते तोडून तारा थेट जोडलेल्या होत्या. मशीन भिंतीवरच्या बटणानं चालू-बंद करायचे. आणि वायर दोन तारांची, मधे पिळून कापडी पट्टी गुंडाळलेली. पत्र्याचं अंग आणि अर्थिंगच नाही.

मोटार जिवंत असल्याची खात्री

अंदाजावर पुढं जायचं नव्हतं. फील्डच्या दोन्ही कॉइल मीटरवर ४.१ आणि ४.२ ओहम आल्या. दोन्ही सारख्या म्हणजे वेढे आपसांत चिकटलेले नाहीत. कम्युटेटरच्या शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांवर मीटर लावत सगळा गोल फिरलो, आकडे एकसारखे. मग आर्मेचर ग्राउलरवर ठेवलं. ग्राउलर म्हणजे व्ही आकाराचं चुंबकी चौकट असलेलं साधन. त्यावर आर्मेचर ठेवून वर हॅक्सॉचं पातं धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं. आतला एखादा वेढा शॉर्ट असेल तर त्या जागी पातं थरथरतं, गुरगुरतं. सर शेजारी उभे होते. त्यांच्या हातात पातं दिलं. एक पूर्ण फेरा झाला, पातं शांत. "म्हणजे जिवंत हाय म्हणा की," सर म्हणाले. जिवंत होतं.

राहिला मेगर, म्हणजे तारेतून अंगाकडं वीज गळते का ते मोजणारा मीटर. ५०० व्होल्टच्या मेगरवर अंगाशी इन्सुलेशन ०.२ मेगओहम आलं. हा आकडा वाईट आहे, एवढ्यावर अंगाला करंट येऊ शकतो. पण तो आकडा तारेचा नसून तारेवरच्या ओलसर मातीचा आहे असा माझा कयास होता. मऊ ब्रशनं माती काढली, हलक्या दाबाची कोरडी हवा मारली, आणि फील्ड-आर्मेचर पत्र्याच्या पेटीत १०० वॅटचा बल्ब लावून रात्रभर ठेवलं. मोठी भट्टी नको. जुनं वार्निश जास्त उष्णतेला तडकतं. सकाळी मेगर २० च्या वर गेला. वर वार्निशचा एक पातळ हात दिला, बस.

इथं मोटार भरली असती तर काय झालं असतं? नवी तार येऊन मोटार चालली असती. पण कम्युटेटर तोच चरांचा, पिशवी तीच लुगड्याची. वर्षभरात पुन्हा तीच तक्रार, आणि मूळची, हातानं गुंडाळलेली तार कायमची गेलेली.

कम्युटेटर, कार्बन, बेअरिंग

चर काढायला आर्मेचर लेथवर घेतलं, तेही दोन्ही टोकांना लेथच्या टोकदार सेंटरमध्ये धरून, अगदी हलके हलके कट मारत. जेवढं तांबं काढाल तेवढं आयुष्य कमी, म्हणून चर जाईपर्यंतच. त्यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं आणि तेच बहुतेक जण टाळतात. तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाची पातळ चकती असते. तांबं घासलं जातं, अभ्रक कठीण म्हणून तसंच राहतं, वर येतं, आणि कार्बन त्याच्यावरून उड्या मारत जातो. त्यातूनच ठिणग्या. म्हणून प्रत्येक फटीतलं अभ्रक खाली घ्यावं लागतं. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा बाजूनं घासून फटीएवढा पातळ केला, आणि एकेका फटीतून अर्धा-पाऊण मिलिमीटर अभ्रक ओढून काढलं. पट्टीची कड दुखावली तर तिची धार मोडावी लागते. भिंगाखाली बघत, एका बैठकीत होईल तेवढंच. शेवटी बारीक काच-पेपर. एमरी कधीच नाही. तिचे कण तांब्यात रुतून बसतात आणि नवा कार्बन खातात.

कार्बन त्या मापाचा बाजारात नव्हताच. मोठ्या मापाचा घेऊन घासून बसवला. पण कुठलाही मोठा चालत नाही. गाडीच्या सेल्फचा कार्बन हातात घेतला तर तांबूस दिसतो. त्यात तांबं मिसळलेलं असतं, तो कमी व्होल्टेजच्या मोटारीसाठी. आपल्याला हवा तो काळा, मिक्सर-ड्रिलच्या जातीचा. घासताना खाचेत तो सैल खुळखुळायला नको आणि अडकायलाही नको: मशीन उभं धरलं की आपल्या वजनानं खाली सरकला पाहिजे. खाचा माती काढून साफ केल्या, स्प्रिंगा नव्या टाकल्या. मग कम्युटेटरवर काच-पेपर गुंडाळून, खरखरीत बाजू वर ठेवून, आर्मेचर चालायच्या दिशेनं हातानं फिरवलं, म्हणजे कार्बनच्या तोंडाला कम्युटेटरचा गोलवा आला.

बेअरिंग काढल्यावर मापं घेतली: ८, २२ आणि ७ मिलिमीटर. म्हणजे आजचं ६०८, जे प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतं. घेताना मात्र रबरी सीलचं न घेता पत्र्याच्या शील्डचं घेतलं. असल्या मोटारी मिनिटाला दहा हजारांच्या वर फेरे घेतात, तिथं रबर घासतं आणि तापतं. जुनी बेअरिंगं धुऊन, पुडीत बांधून सरांना परत दिली. काढलेला प्रत्येक भाग मालकाला परत, हा माझ्याकडचा रिवाज आहे. पुढं कुणाला माप लागलं तर तो भाग बोलतो.

पिशवी

खरी दुरुस्ती इथं झाली. कापड घट्ट हवं म्हणजे माती अडेल, पण हवा अडली तर मोटार तापेल. दोन्ही साधायचं होतं. बाहेरून घट्ट विणीचं ड्रिल, आतून फ्लॅनेल. फ्लॅनेलची लव बारीक माती धरून ठेवते आणि झटकली की सोडते. कापड आधी गरम पाण्यात भिजवून आटवून घेतलं, नाहीतर पहिल्या धुण्यात पिशवी तोंडाला बसेनाशी होते. शिलाई आतल्या बाजूला, टीप बारीक, आणि सुईच्या भोकांतून माती जाऊ नये म्हणून शिवणीवर कापडाचीच पट्टी. शिवली सरांच्या घरच्यांनीच. माप म्हणून आजीच्या हातची लुगड्याची पिशवी उसवून तिचाच कागद काढला. माप तिनं अचूक घेतलं होतं, दोष कापडाचा होता.

मोटारीच्या आधी एक राखणदार म्हणून फ्लॅनेलचा सुटा गोल तुकडाही बसवला. तो पांढरा दिसायला लागला की पिशवी कुठंतरी उसवली, एवढं कळतं.

झाकणाच्या कडेचं रबर दगडासारखं झालेलं होतं. नवी कड ३ मिलिमीटरच्या निओप्रीन रबराची कापली. पाइप वरून विणलेल्या सुताचा, आत तारेचं वेटोळं. वेटोळं चांगलं होतं, आतलं रबर फुटलेलं. वरची वीण जपून काढली, आत नवा लवचीक पाइप घालून वीण परत चढवली. ती हातांच्या घामानं काळपट झालीय. धुतली नाही.

करंटच्या बाबतीत तडजोड नाही

जुन्या वस्तूची हौस असलेले लोक वायरीवरून वाद घालतात. दोन तारांचीच ठेवा, मूळचं तसंच दिसलं पाहिजे, असं म्हणतात. मी ऐकत नाही. पत्र्याचं अंग आहे, घरात लहान मुलं आहेत, ओल्या फरशीवर अनवाणी माणसं आहेत. तीन तारांची वायर टाकली, वरून सुती वीण असलेली, म्हणजे नजरेला जुनीच. अर्थची तार मोटारीच्या चौकटीला आणि पत्र्याच्या अंगाला, दोन्हीकडं. पत्रा आतून, न दिसणाऱ्या जागी रंग खरवडून मोकळा केला आणि दातेरी वॉशर घालून स्क्रू कसला. पिनेपासून अंगापर्यंत मीटरवर ०.१ ओहम. बटणासाठी बॅकेलाइटचे तुकडे चिकटवून, आत नवं बटण लपवून जुनी कळ पुन्हा चालती केली.

वायरीच्या वाटेवर एक कागदी कंडेन्सर होता, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून घालत तो. त्याची एक तार थेट अंगाला जोडलेली. जुना कागदी कंडेन्सर गळका होतो आणि मग सगळं बरोबर असूनही अंगाला झिणझिण्या येतात. सरांच्या आत्यांना तो अनुभव होता: "पावसाळ्यात हात लावला की चावायचं बघा. आई म्हणायची, चप्पल घालून धर." साठ वर्षं घरानं तो चावा मशीनचा स्वभाव म्हणून सोसला. जुनी डबी जागेवर ठेवली, आतून जोड तोडला, आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचा एक्स-२ जातीचा, म्हणजे विजेच्या दोन तारांमध्ये लावायलाच केलेला, नवा कंडेन्सर दोन तारांमध्येच बसवला. अंगाकडं आता काहीच जात नाही.

पण मशीनला अर्थ देऊन घराला नसेल तर काय उपयोग? वाड्यातल्या प्लगला तिसरं भोक होतं, मागं तार नव्हती. उदगीरला जाऊन अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतला, बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवला. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, ओल खाली जाते, तसं अर्थिंगही कमजोर होतं. म्हणून खड्ड्याला पाणी घालायचा पाइप ठेवलाय, आणि एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी टाकायचं काम नातवाकडं दिलंय. हे काम मूळ बिलात नव्हतं. मी ते वेगळं लावलं आणि त्याशिवाय मशीन देणार नाही असं आधीच सांगितलं होतं.

रंगाचा वाद

सरांचा मुलगा पुण्याला. त्याला मशीन नव्यासारखं चकचकीत हवं होतं, पावडर कोटिंग करून. त्याची हौस खरी होती, फोनवर तासभर बोलला. पण पावडर कोटिंगच्या आधी पत्रा शॉट म्हणजे बारीक छर्रे मारून कोरा करतात आणि मग भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास भाजतात. ठिपक्यांनी घातलेलं नाव त्या थराखाली बुजलं असतं. खालच्या बाजूचा पोचाही काढावा लागला असता. तो जिन्यावरून पडून आलेला, आणि पाडणारे खुद्द सर, वय वर्षं सात. मी म्हटलं, रंग कधीही देता येईल, गेलेलं नाव परत घालता येणार नाही. सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, वर मेणाचा पातळ हात, क्रोमला नुसतं तेल. जिथं रंग उडून पत्रा उघडा पडला होता तेवढ्याच जागी गंज थांबवला. मुलगा शेवटी तयार झाला. मशीन बघायला आला तेव्हा त्यानं आधी नावावरून बोट फिरवलं.

चालवून पाहणं

पंखा काढून अशी मोटार कधी चालवू नये. ओझं नसलं की ती पळत सुटते आणि आर्मेचर फाटू शकतं. पंख्यासकट, पूर्ण जोडून, व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटवर ६० व्होल्टपासून सुरुवात केली. कार्बनला तोंड बसेपर्यंत अर्ध्या व्होल्टेजवर ठेवली. ठिणग्या सुरुवातीला थोड्या, नंतर कार्बनच्या कडेला बारीक निळी रेघ, एवढंच. ती रेघ असायचीच. २३० वर करंट १.९ अँपिअर.

ओढ मोजायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी वापरली. एक टोक मशीनच्या तोंडाला घट्ट, दुसरं बादलीत, नळी भिंतीला उभी बांधलेली. उंची दोन मीटरच्या वर ठेवायची, म्हणजे पाणी मोटारीपर्यंत जाणारच नाही. झाकणाची जुनी कड असताना पाणी ५५ सेंटिमीटर चढलं, नवी कड लावल्यावर ९८. मोटारीत त्या दोन मापांमध्ये काहीच बदललं नव्हतं. जवळजवळ निम्मी ओढ एका कुजलेल्या रबरातून पळत होती.

आवाजाबद्दल आत्यांना शंका होती. तोंड हातानं बंद केलं की मशीन किंचाळतं, म्हणजे त्याला त्रास होतो, असं त्या लहानपणापासून समजत होत्या. मी त्यांना मीटर दाखवला: तोंड बंद केलं की आवाज चढतो, पण करंट उतरतो. हवा ओढायचीच नसल्यानं पंख्यावरचं ओझं कमी होतं आणि मोटार हलकी होऊन जोरात फिरते. त्रास असतो तो वेगळा. वारा थांबल्यानं मोटार तापते, म्हणून तसं धरून ठेवायचं नाही. त्यांनी पुन्हा एकदा तोंड बंद करून बघितलं, काटा उतरताना बघितला, मग सोडलं. "आवाज तोच यायलाय," म्हणाल्या. "आई दिवाळीच्या आधी गाद्यांवर फिरवायची तसाच."

हातात देताना

मशीन आता उदगीरलाच आहे, वाड्याच्या मधल्या घरात. रोज चालवायचं नाही असं ठरलं. महिन्यातून एकदा गाद्या आणि जाजम, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं. पट्टीवर २२० व्होल्ट आहे आणि वाड्यात रात्री उशिरा २४५ पर्यंत चढताना मी पाहिलंय. म्हणून दिवसा चालवायचं. पिशवी प्रत्येक वेळी अंगणात, वाऱ्याकडं पाठ करून झटकायची, तोंडाला फडकं बांधून. ओला केर, राख, रांगोळीची पूड ओढायची नाही. रांगोळी विशेष करून सांगितली, कारण दगडाची ती पूड माळवदाच्या मातीहून वाईट.

पावसाळ्यानंतर एकदा जाऊन बघून आलो. मेगर २० च्या खाली आलेला नाही. फ्लॅनेलचा गोल तुकडा मूळच्या रंगाचा आहे. कम्युटेटरवर कॉफीच्या रंगाची एकसारखी छटा धरलीय, तीच हवी असते. सरांच्या सूनबाई ती पुसायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. पाइपाच्या हाताकडच्या टोकाला अजून थोडी हवा जाते. तिथली पितळी कडी वाकलेली आहे, ती सरळ करताना तडकेल अशी मला भीती वाटते. तशा मापाची कडी लेथवर नवी करून घ्यायची आणि मगच जुनीला हात लावायचा, असं ठरलंय.

कार्बनची एक जादा जोडी, कार्बन आणि बेअरिंगची मापं लिहिलेला कागद आणि पिशवीचा नमुना मशीनच्या डब्यात ठेवलाय. कार्बन सेंटिमीटरभर उरला की बदलायचा, हेही त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.